बेटातला नांगर

मी समुद्रकाठची बाई. पोटापाण्यासाठी आयुष्यभर दगड काढत आले. म्हणजे जमिनीतून नव्हे, कागदावर. आमचे सर किनाऱ्याजवळच्या बेटांवर जुन्या वस्त्यांच्या खुणा शोधायचे आणि जे सापडेल त्याची मापं घेऊन चित्रं करायची हे माझं काम. खापरं, मणी, माशांचे काटे, आणि सरांचे सगळ्यात लाडके दगडी नांगर. पूर्वी गलबत थांबवायला उभा लांबट दगड पाण्यात सोडत. वरच्या टोकाला दोरासाठी गोल भोक, खालच्या टोकाला लाकडी दांडे आडवे खुपसायला दोन चौकोनी भोकं, एक या अंगाला तर दुसरं त्या अंगाला. असे चाळीस नांगर मी काढले आहेत. प्रत्येक चित्रात दगड सलग रेषेत काढायचा, आणि कुजून गेलेला दोर व दांडे ठिपक्यांनी दाखवायचे, ही आमची रीत.

सरांचं एक लाडकं मत होतं. बेटावर जो कोणी पहिल्यांदा राहायला आला, त्याने आपला जुना नांगर घरामागे आणून टाकला. आता इथून हलायचं नाही, असं सांगायला. इथपर्यंत सगळे माना डोलवायचे. पण पुढे सर म्हणायचे की हीच माणसं व्यापाराच्या वाटेने घाट चढून वर गेली असतील, तर नांगरही वर घेऊन गेली असणार. इथे मात्र लोक गालातल्या गालात हसायचे. "सरांचा नांगर कुठवर चढला?" हा आमच्या मंडळींतला नेहमीचा विनोद झाला होता.

सर आता शहाऐंशीचे आहेत. त्यांचं पुस्तक छापायला निघालं होतं आणि शेवटच्या प्रकरणाचं नाव होतं 'घाट चढलेला नांगर'. प्रकाशकांनी महिनाअखेरची मुदत दिली. पुरावा मिळाला तर प्रकरण राहील, नाहीतर मीच ते फाडीन, असं सरांनी मला बजावलं. ते फाडतील याबद्दल मला शंका नव्हती, आणि त्यानंतर त्यांचं काय होईल याची मला धास्ती होती.

म्हणून आम्ही एका छोट्या वर्तमानपत्रात निवेदन दिलं: घाटमाथ्यावर कुठे जुना नांगर असल्यास कळवावे. खाली माझा नंबर. आठवडाभर फोन खणखणत राहिला. तिघांना लाकडी नांगर विकायचे होते आणि एकाने आग्रहाने ट्रॅक्टरची माहिती पाठवली. मग एक मेसेज आला: "दगडी नांगर हाय. लई जुना. आमच्या बेटात. भोरला उतरून फोन करा. दत्ता." सोबत फोटो. त्यात अर्धा अंगठा होता आणि उरलेल्या भागात हळदकुंकू. पण अंगठ्याच्या कडेला एक भोक दिसत होतं, आणि ते चौकोनी होतं.

महाडहून वर

मार्गशीर्षातल्या सकाळी महाडहून वरंधा घाटाची एसटी पकडली. आमच्याकडे माणूस घराबाहेर पडताना भरती-ओहोटी बघतो. इथे सगळा हिशेब एसटीचा. शेजारच्या मावशींनी मी कुठली, कुणाची, कशासाठी निघाले हे शिवथरचा फाटा यायच्या आत काढून घेतलं. नांगर बघायला चालले आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुमच्याकडं शेतीच न्हाई का?"

घाट चढला तसे कान बंद झाले, पलीकडे नीरा देवघरचं पाणी दिसू लागलं आणि त्या पाण्यात डोकं वर काढून बसलेल्या टेकड्या. बेटं! मी खूश झाले. घाटावर बेट कसलं, असं विचारणाऱ्यांची तोंडं आता बंद होतील, असं मनात म्हणत मी त्यांचा एक फोटोही काढला.

मुक्काम भोरजवळ उत्रोलीला होता. माझी कॉलेजची मैत्रीण शैला भोरच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झाली आणि आता तिथे स्वतःचा भात पिकवते. दत्ताला फोन लावला तर तो "संपर्क क्षेत्राच्या बाहेर". तीनदा, चारदा, दहादा. शैलाने गरम भातावर तूप वाढलं. तांदूळ असा की नुसत्या वासाने पाटावर बसावं. आमच्याकडे भात हा आमटी वाहून न्यायचं साधन. इथे भात हीच मुख्य वस्तू आणि आमटी तोंडी लावायला. मी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा शैला म्हणाली की दत्ता सापडेपर्यंत थांब, दोन दिवस खा.

पण मला कुठला दम. बेट म्हणजे धरणातलंच, भोरजवळचं धरण म्हणजे भाटघर. दोन अधिक दोन चार. शैला म्हणाली, "तुझं नेहमी चारच होतं, आणि ते नेहमी चुकीच्या गणिताचं असतं." मी लक्ष दिलं नाही.

धरणाच्या पाण्यात

दुसऱ्या दिवशी भाटघरच्या काठावर कोंडिबामामा भेटले. मासे धरून विकणारे, सत्तरीचे, पत्र्याच्या होडीचे मालक. मी विचारलं, "मामा, त्या बेटावर नांगर आहे का?"

"हाय की," मामा म्हणाले.

"जुना?"

"लई जुना. माझ्या थोरल्या भावाच्या वक्ताचा."

इथेच मला थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात तोपर्यंत सरांचं पुस्तक छापून, बांधून तयार झालं होतं. आम्ही निघालो. मी दर्यावरची म्हणून होडीत ऐटीत उभी राहिले. मामांनी दोनदा बसायला सांगितलं. बेटाला होडी लागली, मी जाणत्या माणसासारखी टुणकन उडी मारली आणि गुडघ्यापर्यंत गाळात गेले. पाय निघाला, चप्पल राहिली. आमची वाळूची पुळण माणसाला उभं तरी राहू देते. हा गाळ म्हणजे सासुरवाडीचा आग्रह, सोडायलाच तयार नाही.

एका पायाने लंगडत वर चढले. माथ्यावर थोडं गवत, शेळ्यांच्या लेंड्या आणि मधोमध, गंजून लाल झालेला, लोखंडी नांगर. शेत नांगरायचा.

मामांनी कौतुकाने सांगितलं की उन्हाळ्यात पाणी उतरलं की इथे गाळपेर करतात, म्हणजे धरणाच्या मोकळ्या झालेल्या गाळात पीक घेतात, आणि नांगर दरवेळी कोण ने-आण करणार म्हणून तो इथेच ठेवलाय. मी त्यांना म्हटलं, मला होडीचा नांगर हवा होता. त्यांनी थोडा विचार केला.

"बाई, तुमी नांगर म्हनलात. म्या नांगर दावला. ह्यात माजं काय चुकलं?"

काहीच चुकलं नव्हतं. मी त्या नांगराचंही एक चित्र काढलं. एवढ्या लांब आलेच होते. मामांना ते आवडलं. परत काठाला लागलो आणि फोन वाजला. दत्ता. बांबू घेऊन तो शिवऱ्याला आला होता, म्हणून रेंज मिळाली. मी जरा चिडूनच विचारलं की तुमचं बेट धरणाच्या कुठल्या बाजूला आहे.

"धरनाचं म्या कवा म्हनलं?" दत्ता म्हणाला. "बांबूचं बेट वं, म्याडम. आमच्या घरामागचं."

शैला हे ऐकून जी हसत सुटली, ती मला शिवऱ्याच्या एसटीत बसवेपर्यंत हसत होती. तिच्या नवऱ्याच्या रबरी चपला घालून मी पुढच्या प्रवासाला निघाले. त्या मला दोन बोटं मोठ्या होत्या.

शिवरे ते घाटमाथा

शिवऱ्याला हायवेच्या कडेला दत्ता पिकअप घेऊन उभा होता. चाळिशीचा, हसरा, बोलका. मांडवाचे बांबू, शिड्या, टोपल्या, सगळा माल घरामागच्या त्या बेटातला. एका बेटातून दुसरं बेट फुटतं, आमचं घरच बेटांवर चाललंय, असं तो म्हणाला. मी म्हटलं, आमचंही तसंच.

वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो. दत्ताने पालीचा फाटा दाखवून सांगितलं की राजगडाला येणारी पुण्यामुंबईची पोरं तिथे पिठलं-भाकरीवर तुटून पडतात. त्यातली थोडी पुढे मढे घाटाकडे आपल्या वाडीला यावीत, अशी त्याची इच्छा होती. त्यासाठी त्याच्याकडे एक वस्तू होती आणि तिची पाटीही तो रस्त्यावर लावणार होता: भीमाचा नांगर.

"भीमाचा?" मी विचारलं.

"मग? येवडा दगडाचा नांगर दुसरं कोन वडनार?"

म्हणजे त्याचाही नांगर शेताचाच होता. माझं उरलंसुरलं अवसान गळालं. बेट चुकलं होतं, आता नांगरही चुकला. सरांना फोन करून काय सांगायचं याची मी मनातल्या मनात वाक्यं जुळवू लागले.

वाडी अगदी घाटाच्या काठाला, केळदच्या अलीकडे. स्लॅबचं घर, पुढे खळं, मागे गोठा आणि गोठ्यामागे बांबूचं भलंमोठं बेट, वारा आला की करकरणारं. दत्ताची आई, अनसूयाबाई, दाराशी बसून मिश्री लावत होत्या. पासष्टीच्या, सडपातळ, भुवया जाड. त्यांनी आधी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उठून आत गेल्या.

दत्ताने बांबू बाजूला सारले. कमरेएवढा दगड तिरका पडला होता, हळदीने पिवळा. पेरणीआधी पहिली पूजा ह्याची, मग औताची, असं दत्ता सांगत होता. वरच्या गोल भोकात भीमाचं रुमणं बसायचं, म्हणजे हातात धरायची मूठ, आणि खालच्या चौकोनी भोकात बैल जुंपायचा दांडा. मी खाली बसले. गोल भोक एक. चौकोनी भोक एक. हळद पुसून पलीकडून हात घातला. दुसरं चौकोनी भोक, आडवं, अगदी हवं तिथे.

दत्ता नांगर म्हणाला तो शेताचा, मी नांगर ऐकला तो होडीचा, आणि पडला होता तो खरंच होडीचा. आयुष्यात इतकी चुकत चुकत मी बरोबर ठिकाणी कधी पोचले नव्हते.

मोबाईलला रेंजची एकही दांडी नव्हती. दत्ताने मोटारसायकलवरून घाटाच्या कड्यावर नेलं. तिथे एका कातळावर उभं राहिलं की खालच्या कोकणातली रेंज वर येते. मी सरांना सांगितलं.

"दोराची खूण?" सरांनी विचारलं. कुठलाही नांगर सापडला की त्यांचा पहिला प्रश्न हाच.

"गोल भोकाची वरची कड गुळगुळीत झाली आहे, सर."

"म्हणजे पाण्यात उतरलेला आहे," सर म्हणाले. आजच प्रकाशकांना कळवतो, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुपारी अनसूयाबाईंनी नाचणीची भाकरी आणि खेकड्याचं कालवण वाढलं. खेकडे ओढ्यातले, काळे, आमच्या खाडीतल्या चिंबोऱ्यांपेक्षा लहान पण तिखट स्वभावाचे. कालवणात नारळाचा रस होता आणि आंबटाला आमसूल. घाटावर चिंच सोडून आमसूल कुठलं, असं माझ्या जिभेने विचारलंसुद्धा, पण डोक्याला त्या दिवशी सवड नव्हती. मी दोन वाट्या ओरपल्या आणि कागद उघडला.

बेटापाशी

चित्र दुसऱ्या सकाळी पुरं झालं. दत्ता बांबू भरून शिवऱ्याला गेला होता. मी दगड सलग रेषेत काढला, मग रीतीप्रमाणे खालच्या भोकांत ठिपक्यांनी दांडे घातले आणि वरच्या भोकातून ठिपक्यांचा दोर वर नेला. मागे कुणीतरी उभं होतं. अनसूयाबाई.

"दांडे बरोबर हायती," त्या म्हणाल्या. "पर लांब काडलेत. आमच्या धक्क्यावर आखूड आसायचे."

मी पेन्सिल खाली ठेवली. कुठल्या धक्क्यावर, असं विचारलं, आणि विचारतानाच मला ते आमसूल आठवलं.

अनसूयाबाई माहेरच्या सावित्रीच्या खाडीकाठच्या, महाडखालच्या. वडिलांचा मचवा होता, त्यातून कौलं वाहायचे. हा दगड त्यांच्या धक्क्यावर पायरीसारखा पडलेला. लहानपणी ह्याच्यावर बसून त्या वडिलांची वाट बघायच्या. लग्न झालं, इथे आल्या. इथे पाणी म्हणजे पावसाचं, आणि ते गेलं की चार महिन्यांनी ओढासुद्धा आटणार. त्या पळाल्या. मढे घाट उतरून सरळ माहेरी. आणून सोडलं. पुन्हा पळाल्या.

"तिसऱ्या टायमाला बा सोता आला," त्या सांगत होत्या. "तवाच्या जुन्या घराला कौलं घालायची हुती, त्या ट्रकातनं वरंध्यानं आला. कौलांच्या खाली ह्यो दगूड. गोठ्याच्या मागं लोटला, आन् म्हनला, पोरी, आता नांगर टाकलाय."

नवरा आता हयात नाही; त्याने तेव्हा विचारलं, हे काय? ह्या म्हणाल्या, नांगर. तो शेतकरी माणूस. त्याने पेरणीआधी हळदकुंकू वाहिलं. ह्यांना हसू आलं, पण गप्प बसल्या. पहिलं वर्षभर त्या दगडावर त्या येता-जाता थुंकत होत्या. आता पूजाच होतेय म्हटल्यावर तेही बंद झालं. भीम पुढे दत्ताने शाळेतून आणला.

"कदी झालं हे?" मी विचारलं, माझी भाषाही तोपर्यंत घसरली होती.

"पंचेचाळीस वर्सं."

पंचेचाळीस वर्षं. सरांना हव्या होत्या दीड-दोन हजार. मी खोटं लिहिणार नाही: माझ्या मनात पहिला विचार हाच आला की हे आम्हा दोघींशिवाय कुणाला ठाऊक आहे? सर खूश आहेत, प्रकरण छापलं जाईल, दगड बोलायला येणार नाही. दहाएक मिनिटं मी तो विचार अगदी नीट, सगळ्या बाजूंनी मापं घेऊन पाहिला. मग लक्षात आलं की हे सरांना कळलं नाही तरी मला कळलेलं राहील, आणि चाळीस चित्रांत मी एकही रेष अंदाजाने मारलेली नाही.

मी विचारलं, हे तुम्ही आजवर घरात का सांगितलं नाही? त्या म्हणाल्या की सांगण्यासारखं काय, नांगर तो नांगर. दत्ताच्या पाटीवरही नुसतं 'दगडी नांगर' लिहायला सांगा, भीमाला रजा द्या. "हितल्यांनी हितला वाचावा, खालच्यांनी खालचा. खोटं कुटं हाय त्यात?"

कड्यावर

कातळापर्यंत आम्ही दोघी चालत गेलो. त्या अनवाणी पुढे, मी मोठ्या चपला फटफटवत मागे. कड्याखाली कोकण पसरलं होतं, धुरकट, आणि लांबवर पाण्याची एक रेघ. अनसूयाबाईंनी तिकडे पाहिलंच नाही; रोजचंच म्हणाल्या. मी फोन लावला, दोघींना ऐकू येईल असा स्पीकर चालू केला आणि सरांना सगळं सांगितलं. मचवा, कौलं, ट्रक, पंचेचाळीस वर्षं.

सर शांतपणे म्हणाले, "बरं. मग प्रकरण काढून टाक."

मला रडू फुटलं. सरांना ते कळलं असावं, कारण विषय बदलावा तसं, निव्वळ सवयीने, त्यांनी विचारलं, "दोर कशाला बांधला होता?"

मी काही बोलायच्या आत अनसूयाबाईंनी मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि तोंडासमोर धरला.

"मास्तर, दोर न्हवताच. बा इसरला का त्यानं मुद्दाम आनला न्हाई, त्यालाच ठावं. नांगर पडलाय, पर दोर कुनी बांदल्याला न्हाई. मला जायाचं आसतं तर मी कवाबी गेले आसते."

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला तोवर सर हसू लागले होते. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"वीणा," ते म्हणाले, "प्रकरण राहू दे. काळ तेवढा दुरुस्त कर. आणि बाईंचं म्हणणं जसंच्या तसं घाल."

पुस्तक आता छापून आलं आहे. जुना पुरावा मिळाला नाही, असं सरांनी त्यात स्वच्छ लिहिलं आहे. घाट चढलेला एकच नांगर आम्हाला ठाऊक आहे आणि तो ट्रकातून चढला, असंही. मंडळी अजून हसतात, पण आता हसणाऱ्यांत सरही असतात.

त्या प्रकरणातलं चित्र छापायला देण्यापूर्वी मी एकच बदल केला. दांडे आखूड केले, तो धरला तर दोन. माझ्या चाळीस नांगरांना ठिपक्यांचा दोर आहे. एक्केचाळिसाव्याचा मी खोडला.